जोते

रैनबसेरा हा शब्द हिंदीचा. परंतु ज्या इंदुरात मराठी घरच्या पोह्यांवरही शेव पडल्यावाचून पोहे पुरे होत नाहीत, तेथे असे शब्द मराठी बोलण्यात येऊन बसले तर नवल नव्हे. रैन म्हणजे रात्र आणि बसेरा म्हणजे मुक्काम. बेघरांना रात्रीपुरता आसरा देणाऱ्या या संस्थेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही त्या नावातच आली. महानगरपालिकेच्या दप्तरी तिला 'आश्रयस्थल' म्हणतात. वहीत नाव लिहावे, गादी घ्यावी, थंडीच्या दिवसांत कांबळे मागावे, आणि उजाडले की बोचके उचलून मजूर अड्ड्याची वाट धरावी, असा तेथला सामान्य क्रम. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर लाख वस्तीमागे एक, बारमाही व अष्टौप्रहर उघडा, असा निवारा हवा म्हणून हुकूम दिला. २०१३ मध्ये केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाने त्यात माणशी ५० चौरस फूट जागेचे आणि दर लाखामागे किमान १०० माणसांच्या सोयीचे माप घातले. २०११ च्या जनगणनेत इंदूरची वस्ती साडेएकोणीस लाखांच्या पुढे होती. तेव्हा या मापाने सुमारे २,००० माणसांची सोय व्हावयास हवी.

शहराची परीक्षा मात्र अशा मापांनी होत नाही. २९ जानेवारी २०२१ रोजी, स्वच्छतेत देशात सलग चार वर्षे पहिल्या आलेल्या या शहराच्या महानगरपालिकेचा एक ट्रक, रस्त्यावर राहणाऱ्या वृद्ध स्त्रीपुरुषांना त्यांच्या गाठोड्यांसकट भरून, देवासच्या वाटेवर क्षिप्रा गावापाशी आला आणि त्यांना तेथे उतरवू लागला. गावकऱ्यांनी हरकत घेतली, चित्रफिती काढल्या, आणि उतरविणाऱ्या त्याच हातांनी त्या जीवांना पुन्हा ट्रकमध्ये चढवावे लागले. उपायुक्त निलंबित झाले. जिल्हाधिकाऱ्यांनी खजराण्याच्या गणपतीपुढे जाऊन क्षमा मागितली. गणपतीने काय निवाडा दिला ते कळावयास मार्ग नाही. पण ज्यांची क्षमा मागावयाची ती माणसे मंदिरात नव्हती, रैनबसेऱ्यात होती. पुढे १ जानेवारी २०२५ पासून भीक घालणाऱ्यावरही गुन्हा नोंदविण्याची तजवीज झाली. रस्ता मोकळा करणे आणि माणसाला घर देणे ही दोन निराळी कामे आहेत.

हे इंदूरला फार पूर्वी सांगून झाले होते. तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने दरबाराला जो द्विखंडी अहवाल १९१८ साली सादर केला, त्यात गल्ल्या सरसकट पाडण्याऐवजी जपून, थोडे थोडे कापून दुरुस्त कराव्या असा त्याचा आग्रह होता. कारण पाडलेल्या घरातील माणसे नाहीशी होत नसून शेजारच्या खोलीत दाटीने शिरतात, हे त्याने ओळखले होते. १९८४ साली मध्य प्रदेश सरकारने नागरी भूमिहीनांना राहत्या जागेचा पट्टा देण्याचा कायदा केला, तो याच दिशेने टाकलेले एक पाऊल.

या साऱ्यांत माझे मन गुंतते ते अरण्य नामक वसाहतीत. इंदूर विकास प्राधिकरणाने बाळकृष्ण दोशी यांजकडून आखून घेतलेली ही सुमारे ८५ हेक्टरांची, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंडांची वसाहत आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूस वसली, आणि तिच्यातील बहुसंख्य भूखंड अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखले गेले. दोशींनी घरे बांधून दिली नाहीत. नमुन्यादाखल ८० तेवढी उभी केली. गरिबाला मिळाले ते सुमारे ३५ चौरस मीटरचे तुकडे: जोते घातलेले, पाण्याचा नळ व संडास-मोरी यांची तरतूद असलेले, आणि ज्याची ऐपत असेल त्याला वर एक खोली. भिंती कधी घालाव्या, जिना कोठून न्यावा, हे मालकाने आपल्या मिळकतीच्या चालीने ठरवावे. त्यामुळे कोणी ओट्यावर शिलाईयंत्र मांडले, कोणी बाहेरून जिना चढवून वरची खोली भाड्याने दिली, कोणी चार वर्षे पत्र्याखाली काढून पाचव्या वर्षी स्लॅब टाकला. आगाखान वास्तुपुरस्कार १९९५ मध्ये या वसाहतीस मिळाला. काही भूखंड पुढे हातोहात विकले जाऊन बऱ्या स्थितीतल्यांकडे गेले, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. तरीही मी म्हणेन की विकता येण्याजोगी वस्तू गरिबाच्या हाती पडणे हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. रैनबसेऱ्यातली गादी कोणी विकू शकत नाही आणि तिच्या पत्त्यावर शिधापत्रिका काढणेही सोपे नाही.

अलीकडे 'लाइट हाउस' योजनेत तयार पटलांच्या भिंती जोडून १,०२४ सदनिकांची आठ मजली संकुले उठली. १ जानेवारी २०२१ रोजी त्यांची पायाभरणी झाली, म्हणजे क्षिप्रेच्या त्या ट्रकाच्या अवघे अठ्ठावीस दिवस आधी. काम वेगाचे खरे. पण हप्ता भरावयास ज्याच्यापाशी स्थिर मिळकत नाही, त्याला आठ मजल्यांवरील ते दार रैनबसेऱ्याइतकेच परके.

इंदूरला गेलेला मराठी मनुष्य रात्री सराफ्यात जिलेबी खाऊन परततो. त्याने एक संध्याकाळ अरण्यासाठी राखून ठेवावी; दिवेलागणीच्या सुमारास जावे, कारण त्या वेळी माणसे आपापल्या ओट्यावर बसलेली असतात.