शून्य किलोमीटरवरच्या गमती

मुंबईत आलेला पाहुणा सीएसएमटीचा फोटो काढतो तो रस्त्याच्या पलीकडून, महापालिकेच्या दारात उभा राहून. ज्या इमारतीकडे तो पाठ करून उभा असतो, ती बांधणारा वास्तुकारही तोच, हे त्याला कुणी सांगत नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने 1878 मध्ये जीआयपी रेल्वेसाठी हे स्टेशन उभारायला घेतलं. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून त्याला तिचं नाव मिळालं. समोरचं पालिका मुख्यालय 1893 चं. मग प्रतिस्पर्धी बीबीसीआय रेल्वेनेही स्टीव्हन्सलाच गाठलं आणि चर्चगेटचं मुख्यालय 1899 मध्ये पुरं झालं. एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या दोन कंपन्या आणि दोघींच्या गावची पालिका, तिघींचा वास्तुकार एकच! शेजाऱ्याचं काम आवडलं की त्याच्याच माणसाला बोलवायचं, हा मुंबईकरांचा शिरस्ता जुनाच दिसतो.

इमारत पाहायचीच तर मान वर करून पाहावी. घुमटावरची बाई म्हणजे ‘प्रगती’: उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, म्हणजे ब्रिटन, आणि दुसरीकडे वाघ, म्हणजे आपण. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणी उभी असायची, तिला स्वातंत्र्यानंतर हलवलं. भिंतीवरच्या दगडी चेहऱ्यांत जीआयपीचे संचालक आहेत आणि त्यांत आपले नाना शंकरशेटही. कोरीवकामाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. 2004 मध्ये युनेस्कोने हे सगळं जागतिक वारशात घेतलं. तरी वारसा म्हणून नुसतं जपून ठेवायची चैन या इमारतीला नाही. मध्य रेल्वेचं मुख्यालय तिच्यातच आहे आणि मागच्या 18 फलाटांवर दिवसरात्र गाड्या येतात-जातात.

माझ्या मते खरी मजा त्या मागच्या बाजूलाच आहे.

मध्य रेल्वेचं अंतर इथून मोजतात, म्हणजे हे शून्य किलोमीटर. ठाणे 34, कल्याण 54, कर्जत 100, पुणे 192, नागपूर 837. रुळांशेजारच्या विजेच्या खांबांवर किलोमीटरचे आकडे लिहिलेले असतात. दारात उभं राहिलं की (उभं राहू नये, पण राहतोच आपण) कुठवर आलो ते त्यावरून कळतं. 16 एप्रिल 1853 ला दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी इथल्याच बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी याच 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला गेली. 14 डबे, 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ती 57 मिनिटांत पोहोचली असं सांगतात. आजची धीमी लोकलही साधारण तेवढाच वेळ घेते. तोफा तेवढ्या नसतात. अर्थात आजची लोकल मधल्या एकूण एक स्टेशनवर थांबते, तिची बाजूही ऐकायला हवी.

आता इंडिकेटरकडे बघा. कल्याणला ‘के’, ठाण्याला ‘टी’, अंबरनाथला ‘ए’, इथवर ठीक. पण कर्जतच्या गाडीला ‘एस’ आणि कसाऱ्याच्या गाडीला ‘एन’ का? नवख्या माणसाला वाटतं, फलकच बिघडलाय. कल्याणनंतर रेल्वेला दोन फाटे फुटतात: एक आग्नेयेला, पुण्याच्या दिशेने, आणि दुसरा ईशान्येला, नाशिकच्या दिशेने. इंग्रजीतल्या साउथ-ईस्टचा ‘एस’ आणि नॉर्थ-ईस्टचा ‘एन’. कुर्ल्याच्या गाडीला ‘सी’, कारण साहेब कुर्ला ‘सी’ने लिहायचा. त्याच कुर्ल्यापर्यंत 3 फेब्रुवारी 1925 ला हार्बर मार्गावरून देशातली पहिली विजेची गाडी धावली, चार डब्यांची. आज 12 आणि 15 डब्यांत माणसं मावत नाहीत, आणि लांब पल्ल्याच्या 24 डब्यांच्या गाड्यांना फलाट पुरत नाहीत. म्हणून 2024 मध्ये 10 आणि 11 नंबरचे फलाट लांबवले. जूनच्या पहिल्या दोन दिवसांतला तो जंबो ब्लॉक ज्यांनी भोगला, त्यांना ही माहिती नव्याने द्यायला नको.

लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या नावांत अख्खा महाराष्ट्र बसला आहे. महालक्ष्मी आणि कोयना कोल्हापूरच्या, सिद्धेश्वर सोलापूरची, पंचवटी नाशिककरांची, सेवाग्राम आणि विदर्भ पूर्वेकडच्या, देवगिरी मराठवाड्यातून जाणारी. मांडवी आणि कोकणकन्या गोव्यापर्यंत. सकाळची मांडवी तर खाण्यासाठीच प्रसिद्ध. तिच्यात बसून घरचा डबा उघडणारा माणूस एक तर फार शिस्तीचा असावा, नाहीतर पथ्यावर. पंचवटीची गोष्ट निराळी: तिच्यात पासधारकांनी स्वतःच नियम घालून घेतलेला ‘आदर्श डबा’ आहे. पत्ते नाहीत, आरडाओरडा नाही. त्याची नोंद लिम्का बुकात झाली. रोज अपडाऊन करणारी माणसं शांत बसू शकतात, हा विक्रमच म्हणायचा.

डेक्कन क्वीनचा जन्म 1 जून 1930 चा. टेबल-खुर्ची मांडलेली डायनिंग कार आता देशातल्या नेहमीच्या गाड्यांपैकी तिच्यातच उरली आहे. आमलेट, कटलेट आणि चीज टोस्ट खात खंडाळ्याचा घाट बघायचा, हे पुणेकरांचं सुख. हो, पैसे देऊनच, पण सुख. दरवर्षी 1 जूनला पुणे स्टेशनात तिचा केक कापतात. पंजाब मेलची जन्मतारीखही 1 जूनच, पण साल 1912. म्हणजे राणीसाहेबांपेक्षा ती 18 वर्षांनी थोरली. सुरुवातीला ती बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून थेट पेशावरला जायची. विलायतेच्या बोटीतून उतरलेला साहेब पाय न दमवता गाडीत बसायचा. आता ती सीएसएमटीहून फिरोजपूरपर्यंतच जाते, सीमा आडवी आली.

पुण्याला जा की नाशिकला, घाट चुकत नाही. बोर घाट असो वा थळ घाट, चढ 37 मीटरला एक मीटर. रस्त्यावरच्या गाडीला हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं. म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीच्या शेपटाशी जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात, पण त्यांचं काम कर्ज देणं नाही, मागून ढकलणं. ती जोडेपर्यंत गाडी थांबते, आणि कर्जतच्या वड्याच्या कीर्तीला या सक्तीच्या थांब्याचा मोठा हातभार लागला आहे. 2019 ला सुरू झालेल्या सीएसएमटी राजधानीने पुढे-मागे दोन्हीकडे इंजिन लावून असा थांबा चुकवला. 10 फेब्रुवारी 2023 ला सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत सुरू झाल्या, त्यांच्या डब्यांखालीच मोटारी असल्याने बँकर लागतच नाही. वेळ वाचतो हे खरं. वड्याचं नुकसान मात्र कोणी हिशेबात धरत नाही.

आणि या मार्गावरचा सर्वांत प्रसिद्ध प्रवासी कधी जन्मलाच नाही. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलियस फॉग 80 दिवसांत जग फिरायला निघतो. ऑक्टोबर 1872 मध्ये तो मुंबईत बोटीतून उतरतो आणि रात्री 8 वाजता कलकत्त्याची गाडी पकडतो. पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात म्हणून त्याला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात जबलपूरकडून मुंबई-कलकत्ता सलग लोहमार्ग मार्च 1870 मध्येच जोडला गेला होता. पण हत्तीशिवाय हिंदुस्थानचं प्रकरण रंगणार कसं? लेखकाने खुशाल रूळ उखडले. आजही एक हावडा मेल त्याच जबलपूर-प्रयागराज (तेव्हाचं अलाहाबाद) वाटेने धावते. तिला उशीर होतो तेव्हा कारणं बरीच दिली जातात, पण रूळ संपल्याचं कारण अजून कुणी दिलेलं नाही.