इन्व्हर्टर सुरू केला की रेडिओ का खरखरतो? उत्तर दडलंय अलिबागच्या इतिहासात!

मंडळी, समजा तुम्ही मांडव्याला रो-रो बोटीतून कॅम्पर व्हॅन उतरवली आणि थेट काशिदचा किनारा गाठला. २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आल्यापासून अशा चाकावरच्या घरांची चर्चा वाढलीच आहे. संध्याकाळी सुरूच्या बनात गाडी लावली, रेडिओ चालू केला आणि फोन चार्ज करायला इन्व्हर्टरचं बटण दाबलं. झालं! गाण्याच्या जागी नुसतं 'खर्रर्र...'.

रेडिओ बिघडला का? अजिबात नाही. गोंगाट करतोय तो इन्व्हर्टर.

नेमकं होतं काय?

गाडीच्या बॅटरीत १२ व्होल्टची डीसी वीज असते, तर घरातल्या उपकरणांना लागते २३० व्होल्टची एसी. हा बदल इन्व्हर्टर करतो. त्यासाठी त्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात.

असा प्रत्येक झटका म्हणजे एक छोटा रेडिओ स्फोटच. समजा स्विच सेकंदाला ५० हजार वेळा चालू-बंद होतोय, म्हणजे ५० किलोहर्ट्झ. पण गोंगाट तिथेच थांबत नाही. त्याच्या पटीत १००, १५०, २०० असा तो वर चढत जातो. अकराव्या पायरीवर तो ५५० किलोहर्ट्झला पोहोचतो आणि शेजारीच आहे ५५८, म्हणजे आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीची मीडियम वेव्हवरची ओळखीची जागा! त्यात बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडणाऱ्या लांब वायरी अँटेनासारखं काम करतात आणि हा गोंगाट गाडीभर पसरवतात.

मीडियम वेव्हवर आवाजाची माहिती लहरीच्या उंचीत असते. गोंगाटही ती उंचीच बदलतो, म्हणून तो थेट कानात येतो. एफएममध्ये माहिती वारंवारतेत असते, त्यामुळे त्याला त्रास कमी होतो. कमी, पण शून्य नाही बरं का!

अलिबागची गोष्ट

विजेच्या वाहनांच्या त्रासामुळे एक अख्खी वेधशाळा रायगडच्या किनाऱ्यावर आली, हे ठाऊक आहे का? मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परतताना स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. नाजूक उपकरणांना पृथ्वीचं कुठलं आणि ट्रामचं कुठलं हे कसं कळणार?

तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली. आपला काळा दगड मुळातच थोडा चुंबकीय असतो, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला गेला. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी आणि नवी मालिका जुळवली गेली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबकीय वेधशाळा सुरक्षित अंतरावर पोहोचलेली होती. ती आजही सुरू आहे.

तिथे त्रास चुंबकीय होता, इथे रेडिओ लहरींचा आहे. पण धडा एकच: गोंगाट आणि ऐकणारं यंत्र यांच्यात अंतर ठेवा.

खरा धोका समुद्रात

व्हॅनमध्ये फार तर गाणं बुडेल. पण थळ, रेवदंडा, मुरूडहून समुद्रात जाणाऱ्या बोटीवर गोष्ट वेगळी आहे. संकटाची हाक व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर दिली जाते. बोटीवरच्या एलईडी दिव्यांतही इन्व्हर्टरसारखेच वेगाने चालू-बंद होणारे स्विच असू शकतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याच कारणासाठी इशारा दिला होता. गंमत म्हणजे, गोंगाट दरवेळी ऐकू येतोच असं नाही. कधी तो फक्त दूरची क्षीण हाक गिळून टाकतो.

तपासणी सोपी आहे. दिवे आणि इन्व्हर्टर बंद करा. शांत चॅनेल लावा. स्क्वेल्चचं बटण फिरवून खरखर जेमतेम थांबेल तिथे ठेवा. आता एकेक उपकरण चालू करा. खरखर परत आली, तर चोर सापडला!

उपाय काय?

• रेडिओ आणि त्याची अँटेना इन्व्हर्टरपासून शक्य तेवढी लांब ठेवा.
• बॅटरी ते इन्व्हर्टर वायरी आखूड आणि जाड ठेवा, दोन्ही वायरी एकमेकींना चिकटून न्या.
• वायरींवर फेराइट लावा. काही चार्जरच्या वायरीवर काळी गाठ दिसते ना, तेच.
• चांगल्या बनावटीचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये गोंगाट रोखणारे फिल्टर बरेचदा नसतातच.
• महत्त्वाचं ऐकायचं असेल तेव्हा इन्व्हर्टर सरळ बंद करा. हा उपाय फुकट आहे!

तुमच्या ओळखीत कुणाची बोट असेल, तर ही तपासणी त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा. व्हॅनवाल्यांचं गाणं थांबलं तर चालेल, पण समुद्रातली हाक ऐकू यायलाच हवी.