फरशीची नक्षी बिघडते कुठे?

एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या तयारीला बसलेली जळगावजवळच्या असोद्यातली मुलं वस्तुचित्र, स्मरणचित्र हौसेनं काढतात. संकल्पचित्रात फरशीचा नमुना आला की मात्र बिचकतात. "सर, माझा हात साफ नाही," हे ठरलेलं उत्तर. दोष हाताचा नसतो. नमुना बहुतेक वेळा पहिली पाकळी उमटण्याआधीच, चौकटीत बिघडलेला असतो.

चारही बाजू पट्टीनं सारख्या भरल्या म्हणजे चौरस झाला, ही पहिली चुकीची समजूत. सारख्या बाजूंची आकृती कलंडलेलीही असू शकते. म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. 10 सेंटिमीटरच्या चौरसात दोन्ही 14.1 च्या आसपास यायला हवेत. गवंडी पाया आखताना गुण्या लावूनही दोरीनं कर्ण ताडून पाहतो, ते याचसाठी. भाग पाडतानाही सगळ्या खुणा पट्टी न हलवता शून्यापासून करा. प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासून मोजली आणि दर वेळी अर्धा मिलिमीटर सरकला, तर दहाव्या खुणेला 5 मिलिमीटरांची चूक साचते.

आता मुलांचं लाडकं सहा पाकळ्यांचं फूल. कंपासचं अंतर न बदलता परिघावर सहा टप्पे टाकले की ते तयार. हे अंदाजानं जुळतं असं अनेकांना वाटतं. खरं तर ते भूमितीनं तंतोतंत बरोबर आहे. अडचण वेगळीच आहे. पाकळ्या 60 अंशांवर, चौरसाचे कोपरे 90 अंशांचे. उभ्या मध्यरेषेवर पाकळी आली की आडव्या मध्यरेषेवर दोन पाकळ्यांमधली फट येते. फरशी पाव फेरा फिरवून बसवली की तिचं फूल शेजारणीच्या फुलापेक्षा वळलेलं दिसतं. चार किंवा आठ पाकळ्या घेतल्या की हा प्रश्नच उरत नाही. चौकोनात आठ टोकांची चांदणी एवढी सहज बसते ती त्यामुळेच.

एकटी फरशी सुरेख दिसली म्हणजे काम झालं, हा तर सर्वांत मोठा गैरसमज. फरशीची परीक्षा तिच्या कडेवर होते. कोपऱ्यातलं पाव फूल चार फरश्या भेटल्यावरच पुरं होतं. वेल डाव्या कडेला वरून 3 सेंटिमीटरवर बाहेर पडत असेल, तर उजव्या कडेलाही ती वरून 3 सेंटिमीटरवरच यायला हवी. नमुना चारदा उतरवून शेजारी शेजारी ठेवा, चूक लगेच डोळ्यात भरेल. उतरवताना ट्रेसिंग पेपर पालथा मात्र करू नका: भिंगरीसारखी फिरती नक्षी उलट दिशेला फिरू लागेल. खरी फरशी पालथी घालता येत नाही, फक्त फिरवता येते.

जुन्या घरांतल्या रंगीत फरश्यांवर नक्षी रंगवलेली असते, असंही समजतात. सिमेंटच्या फरशीत धातूच्या साच्याच्या खणांत वेगवेगळ्या रंगांचं मिश्रण ओततात, मागचे थर भरून यंत्रानं दाबतात आणि पाण्यात मुरवतात. भट्टी लागतच नाही. 1922 साली सुरू झालेल्या मुंबईच्या भारत फ्लोअरिंग्जनं हे काम नावारूपाला आणलं. मुंबईतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मिंटन फरश्या निराळ्या, त्या भाजलेल्या मातीच्या. साच्याचं हे गणित वर्गातही उपयोगी पडतं. प्रत्येक रंगाला बंद खण हवा. अर्धवट सुटलेली रेषा रंगकामात हमखास दगा देते.

राहिली ती 'सगळे चौकोन एकसारखेच हवेत' ही समजूत. जळगावपासून अजिंठा 60 किलोमीटरांच्या आसपास. तिथं लेणे क्रमांक 1 आणि 2 च्या छतावर चौकोनी खण आहेत. कुठं कमळं, कुठं फळं, कुठं पक्षी, कमळांत रमलेला हत्तीसुद्धा. खणाखणात चित्र बदलतं, चौकटी सगळ्यांना बांधून ठेवतात. जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते, त्यांत हे छतही होतं. शाळेची सहल गेली की भिंतींवरून नजर जरा वर न्या, आणि कमळाचा देठ चौकटीपाशी कसा वळवलाय ते वहीत टिपून आणा.