पासवर्ड म्हणजे कुलूप की सही?

आमचे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले, आणि आज आम्ही प्रयोगशाळेतल्या सॉफ्टवेअरवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले. पण प्रश्न जुनाच आहे. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, आणि का?

गेल्या पावसाळ्यात आम्ही आपल्या भंडारा जिल्ह्यातल्याच एका लॅबमध्ये रक्त तपासायला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण दोष काही तिचा एकटीचा नाही. संगणकाच्या पडद्याखाली एक चिठ्ठी चिकटवलेली, आणि तिच्यावर पासवर्ड. आम्ही विचारले, "हा कुणाचा?" तिथला मुलगा म्हणाला, "सगळ्यांचाच आहे जी, सर." मुलगा गुणी होता, सुई कधी टोचली ते कळलेही नाही. पण ते "सगळ्यांचाच" काही डोक्यातून जाईना.

आपल्या भागात हे किती महाग पडू शकते, बघा. पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. अहवालात साधारण तीन उत्तरे येतात : एए म्हणजे निरोगी, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. वाहक माणूस बहुधा धडधाकट असतो. पण आई-वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक निघण्याची ५० टक्के. म्हणून तर लग्नाआधी तपासणी करा म्हणतात. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. म्हणजे अशा नोंदी आता ढिगाने संगणकात जाणार.

या नोंदींना दोन प्रकारचे धोके असतात. एक, नोंद फुटते. पोरगी वाहक आहे एवढे गावात कळले, की ठरलेली सोयरीक मोडते, आणि पोरगी तर ठणठणीत असते! दुसरा, नोंद बदलते. 'एएस'मधला 'एस' चुकून पुसला गेला आणि तिथे 'ए' आला. एका अक्षराचा फरक, पण दोन वाहक निर्धास्तपणे लग्न करतात आणि दुखणे लेकराच्या वाट्याला येते. पहिल्या धोक्याची चर्चा सगळे करतात. दुसरा आम्हाला जास्त भयंकर वाटतो, कारण तो कळतच नाही.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपल्या रक्तातली विळ्यासारखी पेशी आपण काही डोळ्यांनी पाहत नाही. अहवाल आपल्यासाठी शब्दप्रमाण असतो. आणि शब्द प्रमाण केव्हा ठरतो? बोलणारा आप्त असेल, म्हणजे जाणकार आणि खरे बोलणारा असेल, तेव्हा. मग जिथे पासवर्ड सगळ्यांचा, तिथे बोलणारा कोण? कुणीच नाही! म्हणून आम्ही म्हणतो, पासवर्ड हे कुलूप तर आहेच, पण त्याआधी ती सही आहे.

जुन्या लॅबच्या रजिस्टरात चूक झाली तर काय करत? एक आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ साली इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी नियम केले, त्यातही हेच तत्त्व आहे : बदल करा, पण जुनी नोंद झाकू नका, कुणी, केव्हा बदलले ते आपोआप नोंदले गेले पाहिजे. याला ऑडिट ट्रेल म्हणतात. पण पाच जणांचा लॉगिन एकच असेल, तर तो ट्रेल पाचही जणांकडे बोट दाखवतो. म्हणजे कुणाकडेच नाही.

आता पासवर्ड संगणकात ठेवायचा कसा? १९६२ साली एमआयटीत एका संशोधक विद्यार्थ्याला संगणकावर जास्त वेळ हवा होता. त्याने सरळ पासवर्डची फाईलच छापून घेतली! सगळे पासवर्ड जसेच्या तसे लिहिलेले. म्हणून पुढे हॅश आला. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. तांदूळ दळून पीठ झाले, की पिठाचे दाणे परत जुळत नाहीत. पण या गिरणीची खुबी अशी, की तेच दाणे टाकले तर हुबेहूब तेच पीठ निघते. संगणक फक्त पीठ जपतो आणि दर वेळी ताडून पाहतो. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे दिसावे, म्हणून प्रत्येकाच्या दाण्यात वेगळी चिमूट घालतात. तंत्रज्ञ तिला 'सॉल्ट' म्हणतात, म्हणजे मीठच!

एवढे करूनही मागचे दार उघडे राहते. सॉफ्टवेअरला पासवर्ड आहे, पण खालची डेटाची फाईल उघडी असेल, तर ती पेनड्राइव्हवर घेऊन कुणीही वाचू शकतो. ती कूटबद्धच असली पाहिजे. आणि प्रतही वेगळी ठेवली पाहिजे. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले, आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयात कित्येक दिवस कामे हाताने करावी लागली. बॅकअप त्याच संगणकाला कायम जोडलेला असेल, तर तोही त्याच हल्ल्यात सापडतो.

मग लहान लॅबने काय करावे? प्रत्येकाला वेगळा लॉगिन द्यावा. ज्याचे जेवढे काम, तेवढीच मुभा : पैसे घेणाऱ्याला निकाल बदलता येऊ नये. नोकरी सोडली, त्याच दिवशी लॉगिन बंद. पासवर्ड लांब असावा. दर महिन्याला बदलायची सक्ती केली की लोक चिठ्ठ्या चिकटवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेनेही २०१७ साली ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको, असा सल्ला दिला. फुटल्याची शंका आली, तर मात्र लगेच बदलावा.

आणि आपण, रुग्णांनी? पुढच्या वेळी काउंटरवर एवढेच विचारू या : "माझा अहवाल कुणी नोंदवला आणि कुणी तपासला?" उत्तरात एका माणसाचे नाव आले पाहिजे. "सगळ्यांनीच" हे उत्तर आपण मान्य करायचे नाही.