अंगणातला महाराष्ट्र दिन



कारखान्याचा पट्टा पडला, की आपल्या शिवाराला एक वेगळीच शांतता येते. तोडणीच्या टोळ्या आपापल्या मुलखाला गेलेल्या असतात. उसाच्या ट्रॉल्यांचा रात्रंदिवस चाललेला आवाज थांबतो. खोडवा फुटून वर येत असतो आणि आपले डोळे कुकडीच्या आवर्तनाकडे लागलेले असतात. उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज वळते होऊन हाती जे चार पैसे उरतात, तेही याच दिवसांत. आणि गंमत अशी, की ते संपतातही याच दिवसांत! लग्नसराई, जत्रा, जावळं, वाढदिवस. खळ्यातली रास घरात येण्याआधीच पाखरांनी टिपावी, तशातली गत.

दुसऱ्याचे कशाला सांगा? आमचेच सांगतो. आम्ही निमगाव सावा येथील, म्हणजे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या घरी नातवाचा वाढदिवस झाला. मांडव घातला, चौकात फ्लेक्स लावला, डीजे आणला, तीनशे पाने उठली. लोक जेवून गेले, 'झकास झालं' म्हणाले. आम्हीही चार दिवस मिशीला पीळ देऊन फिरलो. पुढे जूनमध्ये खोडव्याच्या बांधणीला खत हवे होते, तेव्हा घरात पैसा नव्हता. पतसंस्थेकडून हातउचल घेईपर्यंत पंधरा-वीस दिवस गेले. पाऊस लागला, वाफसा मिळेना, खताची मात्रा हुकली. त्या तुकड्याचा उतारा त्या वर्षी घसरला, तो वजनकाट्यावर सगळ्यांनी पाहिला. माणसे हिशेब विसरतात, ऊस विसरत नाही.

पुढच्या वर्षी सुट्टी लागली तशी पोरे पुन्हा मागे लागली, 'यंदा काय करायचं?' नाही म्हणावे तर पोरांची तोंडे उतरतात. होय म्हणावे तर पुन्हा तोच खड्डा. तेव्हा ओसरीवर बसलेले आमचे बाबा म्हणाले, "आरं, एक मे तोंडावर आलाय. महाराष्ट्र दिन करा की घरी! झेंड्याला जायचं, येऊन पाच घरं मिळून जेवायचं. त्याला काय लागतंय?"

बाबांचे बोलणे आम्हाला पटले. यंदा या गोष्टीला तिसरे वर्ष झाले. यात आमचे कौतुक करून घेण्यासारखे काही नाही. पण कुणाला उपयोग झाला तर बरे, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

हा दिवस फुकट मिळालेला नाही

पोरांना पहिली गोष्ट सांगावी लागते, की एक मे म्हणजे नुसती सुट्टी नव्हे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ साली आला. त्यात मराठी माणसाला मुंबईसह स्वतःचे राज्य मिळाले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार झाला. पुढे जानेवारी १९५६ मध्येही गोळ्या चालल्या. या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली, त्यांत गिरणी कामगार होते आणि साधी कष्टकरी माणसे होती. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. केशवराव जेधे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, आचार्य अत्रे अशी निरनिराळ्या विचारांची माणसे या लढ्यात एकत्र आली. चिंतामणराव देशमुखांनी तर केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर या शाहिरांनी डफावर थाप मारून गावे जागी केली. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. बेळगाव-कारवारकडचा सीमाभाग मात्र बाहेर राहिला, ती सल अजून आहे.

आमचे बाबा त्या वेळी आठ वर्षांचे. ते पोरांना सांगतात, "शाळेत गुरुजींनी साखर वाटली. मूठ उघडायची न्हाई म्हणून मी घरापतूर तशीच आणली. निम्मी घामानं इरघळली व्हती." पोरे हसतात. पण ती गोष्ट त्यांच्या ध्यानात राहते. पुस्तकातला धडा राहील न राहील.

भाग-भांडवल कसे उभे केले

आता खर्चाचे पाहू. सहकाराचा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. प्रवरेच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली कारखान्याचे चाक फिरवले, ते शेतकऱ्यांच्या लहान लहान भागांतूनच. तेच आम्ही अंगणात केले. आमच्या वस्तीवर पाच घरे. प्रत्येक घराने एकेक जिन्नस वाटून घेतला. एकाने मटकी, एकाने बाजरीचे पीठ, एकाने लापशीचे गहू भरडून, एकाने बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्या, आणि आमच्याकडे मासवडी.

तीस माणसांचा अंदाज असा: दोन किलो मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधली, की सकाळी मोड येतात आणि उसळीला पातेले भरते. पन्ह्याला दोन किलो कैऱ्या उकडून त्यांचा गर, तेवढाच गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. माठाच्या पाण्यात कालवले, की माणशी दोन पेले सहज होते. बाजारचा बर्फ आणि रंगीत बाटल्या नकोत. मेच्या उन्हात पोटे बिघडायला तेवढे पुरते. मासवडीला दोन किलो बेसन. हळद-मिठाच्या आधणात ते घट्ट हाटायचे, ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर तीळ, सुके खोबरे, लसूण आणि भाजलेल्या कांद्याचे सारण पसरून वळायचे आणि वड्या पाडून झणझणीत रश्श्याबरोबर वाढायच्या. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला यापुढे बाहेरचे पक्वान्न काय सांगावे? गोडाला गुळाची लापशी.

एक गोष्ट आम्ही पहिल्या वर्षी चुकलो. स्वस्तात झाले म्हणून पुरुष मंडळी खूष. बाया मात्र पहाटे चारपासून चुलीपुढे. दुपारी आमच्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, पैसे वाचले खरे, पण ते आमच्या कमरेतनं वाचले!" बोल खरा होता. दुसऱ्या वर्षापासून कैऱ्या सोलणे, कांदे भाजणे, पाणी भरणे, वाढणे आणि भांडी विसळणे हे पुरुषांकडे आणि पोरांकडे दिले. खर्च धरायचा तर कष्टाचाही धरला पाहिजे.

झेंडा आणि सजावट

सकाळी ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या झेंडावंदनाला सगळ्यांनी जायचे, हा पहिला नियम. घरी सजावटीला आंब्याच्या पानांचे तोरण, दारच्या झेंडूची फुले, रांगोळी. तिरंगा ही शोभेची वस्तू नव्हे. त्याच्या पताका करून मांडवाला गुंडाळू नये, आणि पेल्यावर, पत्रावळीवर, हातरुमालावर तो छापलेला आणू नये. प्लास्टिकचे झेंडे तर नकोतच. पोरांनी कागदी झेंडा हातात धरला, तर कार्यक्रमानंतर तो वाटेवर पडू देऊ नये. सगळे गोळा करून नीट ठेवावेत, आणि फाटलेले असतील ते चारचौघांत न टाकता मानाने विसर्जित करावेत. कुणाला घरावर झेंडा लावायचाच असेल तर आता तशी मुभा आहे, पण केशरी पट्टी वर, झेंडा स्वच्छ आणि न फाटलेला, एवढे सांभाळावेच.

जेवणाआधी तासभर कार्यक्रम. राजा बढे यांनी लिहिलेले आणि शाहीर साबळे यांनी गाजवलेले महाराष्ट्रगीत २०२३ पासून राज्यगीत झाले आहे, ते सगळ्यांनी उभे राहून म्हणायचे. मग पोरांना प्रश्न. राज्य झाले तेव्हा जिल्हे किती? सव्वीस. आज किती? छत्तीस. शेवटचा कोणता झाला? पालघर, २०१४ साली. शिवनेरी कोणत्या तालुक्यात, हे विचारले की सगळी एकदम ओरडतात! नंतर लंगडी, विटीदांडू. बक्षिसाला वह्या आणि पेन्सिली, त्या जूनमध्ये कामाला येतात.

दिवस मावळायच्या आत

आता सगळ्यांत महत्त्वाचे. पहिल्या वर्षी ऊन नको म्हणून आम्ही कार्यक्रम संध्याकाळी ठेवला. गप्पांत रात्रीचे नऊ वाजले. खालच्या वस्तीवरची दोन पोरे मोठ्या माणसांच्या पुढे पळत बांधाने निघाली. मागून कुणीतरी बॅटरी मारली, तो उसाच्या कडेला दोन डोळे चमकले. बिबट्या होता. मंडळींनी आरडाओरडा केला, ताटे बडवली, तसा तो आत गेला. पोरे सुखरूप राहिली. पण त्या रात्री कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आपल्या भागात बिबट्याने उसालाच रान मानले आहे. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, यावरून काय ते समजावे. तेव्हापासून आमचा समारंभ सकाळी नऊ ते बारा. संध्याकाळी करायचाच तर दिवस मावळायच्या आत माणसे घरी पोचली पाहिजेत. पोरे एकटी सोडायची नाहीत. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकायचे नाही. खरकट्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पार्टी कुणाच्या जिवावर बेतता कामा नये.

कामगारांचाही दिवस

एक मे हा कामगार दिनही आहे. आपल्या देशात तो १९२३ साली मद्रासला प्रथम साजरा झाला. आमच्या शेतावर वर्षानुवर्षे खुरपणीला येणारी एक बाई आहे. आजवर आमच्या प्रत्येक कार्यात ती आली, ती भांडी घासायला. गेल्या वर्षी तिला कुटुंबासह पाहुणी म्हणून बोलावले. ती आली आणि सवयीने थेट मोरीकडे गेली. बाबांनी हाक मारली, "ए बाई, आज तुझा दिस हाय. पंगतीत बस." ती बसली, पण पहिला घास घ्यायला तिने बराच वेळ लावला. इतकी वर्षे आपल्याला हे सुचले कसे नाही, याची आम्हालाच लाज वाटली. यंदा तिने घरून तिळाची चटणी आणली. तिचाही भाग जमा झाला.

ताळेबंद

यंदाचा रोख खर्च सांगतो. बेसन, गूळ, तेल, तीळ-खोबरे आणि पोरांच्या वह्या धरून दीड हजाराच्या आसपास, तोही पाच घरांत वाटून. बाकी सगळे घरचे आणि बांधावरचे. खोडव्याच्या खताचे पैसे पेटीत शाबूत आहेत.

सभासद मित्रांनो, सण करू नका असे आम्ही म्हणत नाही. कष्टाच्या माणसाला विसावा हवाच. पण ज्या राज्यासाठी लोकांनी प्राण दिले, त्याचा वाढदिवस कर्ज काढून करावा लागू नये. पुढल्या एक मेला आपापल्या वस्तीवर पाच घरे एकत्र येऊन पाहा. आणि जमले तर निमगावाकडे या, मासवडी आमच्याकडे लागली.

जय महाराष्ट्र!