सांगाडाही आणि तारही

मॉडेल रेल्वेच्या इंजिनाची चौकट (फ्रेम) म्हणजे वरचे प्लॅस्टिकचे कवच पेलणारा सांगाडा, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे.

एन स्केलच्या (मूळ गाडीच्या १:१६० आकाराच्या) बऱ्याच डिझेल इंजिनांत चौकटीचे दोन उभे अर्धे भाग असतात. एक भाग उजव्या रुळाची वीज मोटरपर्यंत नेतो, दुसरा डाव्या रुळाची. जुन्या स्टीलच्या विजेरीत कवचच तारेचे काम करते, तसेच हे. दोन्ही भाग एकमेकांना टेकले की शॉर्ट सर्किट ठरलेले. म्हणून त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे विलगक लागतात.

ओढण्याची ताकदही इथूनच येते. चाकांची रुळावरची पकड वजनावर अवलंबून, आणि बहुतेक वजन चौकटीचे. डीकोडर (डिजिटल आज्ञा वाचणारे छोटे सर्किट) बसवायला हौशी मंडळी मिलिंग मशीनवर (फिरत्या कटरने धातू कापणारे यंत्र) चौकट कोरतात, तेव्हा जागा मिळते पण पकड घटते. यावर उपाय म्हणजे पितळेची नवी चौकट. कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या जस्ताच्या मिश्रधातूपेक्षा पितळ तेवढ्याच आकारमानात साधारण पाव हिश्शाने जड भरते. शिवाय ओतीव जस्तात शिशाची अशुद्धी राहिली, तर ते कालांतराने फुगून तडकते. पितळेला हा रोग नाही.