टेकडीवरचा दगड आणि भट्टी

१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना हा सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश दीड कोटी डॉलरना विकत घेतला. तेथील मूळ रहिवाशांना कोणी विचारले नाही. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी मेरिवेदर लुइस यांना दिलेल्या सूचनांत माती, वनस्पती व प्राणी यांबरोबर खनिजांचीही नोंद घेण्यास सांगितले होते.

लुइस आणि विल्यम क्लार्क यांची तुकडी १८०४ मध्ये मिसूरी नदीतून निघाली. ऑगस्टमध्ये एका कड्यावरची खनिजे चाखून व हुंगून पाहताना लुइस यांना विषबाधा होता होता राहिली. म्हणून वर्गात अशी परीक्षा कधीही नको!

मार्च १८०५ मध्ये क्लार्क यांना टेकड्यांवर प्युमिससारखा सच्छिद्र दगड विपुल दिसला. प्युमिस ज्वालामुखीतून येतो. पण येथे खुणा होत्या त्या टेकड्या जळाल्याच्या. क्लार्क यांनी तिथली कठीण माती भट्टीत घातली, आणि तिचा तसाच दगड झाला! आज आपल्याला कारण माहीत आहे : जमिनीतले लिग्नाइट कोळशाचे थर जळतात आणि वरची माती भाजून निघते. वीटभट्टीतली जास्त भाजून वितळलेली वीट आठवा.

एप्रिलमध्ये नमुने पेट्यांतून जेफर्सन यांच्याकडे रवाना झाले. कोणता नमुना कुठे सापडला, याची यादी सोबत होती. यादीवाचून तो नुसता खडाच.

मुलांनी आणलेल्या प्रत्येक दगडाला आपणही चिठ्ठी लावू या : जागा, तारीख आणि आजूबाजूला काय दिसले.